निळ्या ड्रेसची शिवण

ताईने निळा ड्रेस उलटा केला आणि दोन्ही बाजूंनी आतून शिवण मारून पुन्हा दाबून घेतला. कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला ही एक सोय असते. अंगावरचं मांस उतरत चाललं तरी कपडा ढिला पडू द्यायचा नाही, एवढं तरी तिच्या हातात राहतं. आणि लोक माणसाकडे बघतात कुठे? कपड्याकडे बघतात. कपडा अंगासरसा बसला की माणूस बरा आहे असं धरून चालतात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे ढिले-घट्ट करून तिला एवढं शहाणपण आलं होतं.

दाबून घेताना जादा कापड ती कापत नसे. शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला शिवणकाम करणारे माया म्हणतात. ताईच्या ड्रेसमध्ये आता इतकी माया साठली होती की काखेखाली ती टोचायची. गिऱ्हाइकाचा कपडा असता तर तिने केव्हाच कात्री चालवली असती. स्वतःच्या कपड्यावर मात्र तिचा हात धजत नव्हता.

हा सगळा खटाटोप एकाच माणसासाठी चालला होता. ताईच्या पोटात कॅन्सर होता आणि ते तिच्या धाकट्या भावाला कळू द्यायचं नव्हतं.

भावाला ती ठोंब्या म्हणायची. तसा तो काही ठोंब्या नव्हता. एका मोठ्या संशोधन संस्थेत तो गाठींमधली जनुकं तपासायचा, हाताखाली माणसं होती, परदेशातले लोक त्याला भाषणाला बोलवायचे. पण चौथीत जाईपर्यंत त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, आणि ताईच्या लेखी ती गोष्ट अजून मिटलेली नव्हती. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई अठराची. आईही पोटाच्याच दुखण्याने गेली. शेवटी शेवटी तो आईच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहायचा. आत जायचा नाही, तिथून उठायचाही नाही. जेवायला बोलावलं तर ताटाकडे बघत बसायचा. आई गेल्यावर तर कित्येक दिवस त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ताईने त्याला भरवलं, शिकवलं, मोठं केलं, त्याचं लग्न लावून दिलं. तिचं स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. उंबऱ्यात बसलेल्या त्या पोराचं तोंड तिला पुन्हा बघायचं नव्हतं.

पोट दुखायला लागलं, रक्त जायला लागलं, तपासण्या झाल्या आणि आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली, तेव्हा ठोंब्या नेमका परदेशात भाषण द्यायला गेला होता. ताईने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात ऑपरेशन उरकून घेतलं आणि तो परतल्यावर पित्ताशयात खडे झाले होते म्हणून सांगून टाकलं.

"मला न विचारता ऑपरेशन करून मोकळी झालीस?" तो भडकला.

"तुला विचारून खडे विरघळणार होते का?"

त्याची मुलगी चिमणी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागली होती. "आत्या, मला ते खडे दाखव ना," म्हणून तिने भुणभुण लावली. डॉक्टरांनी ते फेकून दिले असं ताईने सांगितलं तेव्हा चिमणीला फार वाईट वाटलं. तिला रस्त्यावरचा गोटासुद्धा फेकवत नसे.

ताईच्या डॉक्टरीणबाई मुद्द्याचं बोलणाऱ्या होत्या. "तुमची गाठ साधी नाही," त्या म्हणाल्या. "एकाच गाठीत दोन जातीच्या पेशी आहेत. असं फार क्वचित होतं, त्यामुळे कोणतं औषध चालेल हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्या नेहमीच्या तपासण्यांत काही हाती लागलं नाही. तुमची हरकत नसेल तर गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी पाठवते." आणि त्यांनी संस्थेचं नाव सांगितलं. ठोंब्या रोज सकाळी कामाला जायचा तो तिथेच.

"तिथे नाव कळतं का त्यांना?"

"नाही. फक्त नंबर जातो. नाव, पत्ता, सगळं आमच्याकडेच राहतं."

ताईने आणखी एक विचारलं. "हे आईकडून आलं असेल का?"

"तेही तिथेच कळलं तर कळेल."

त्या एका उत्तरासाठी ताईने होकार दिला. स्वतःचं तिला फारसं काही विचारायचं नव्हतं. पण आईचं दुखणं तिच्यात उतरलं असेल तर ते ठोंब्यातही उतरलेलं असू शकतं, ही शंका ऑपरेशनच्या टेबलावरही तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

चिमणी शाळा सुटली की आत्याच्या दुकानात येऊन बसायची आणि संध्याकाळी ठोंब्या तिला न्यायला यायचा. आल्यावर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून बिस्किटं खात तो दिवसभराचं पुराण सांगायचा. ताई शिवता शिवता अर्ध्या कानाने ऐकायची. त्या दिवशी तो आला तोच उड्या मारत.

"ताई, आज काय आलंय माहितीये? सुंदर केस! इतकी सुंदर स्लाइड मी आजवर बघितली नव्हती."

त्यांच्या धंद्यात ही एक खोड असते. रोगाने जितका दुर्मीळ आणि अवघड वेष घेतलेला असेल तितका तो त्यांना देखणा वाटतो. नंबराआड माणूस दिसत नसल्यामुळे त्यांना तसं म्हणायला जड जात नाही, आणि म्हणू नये असं त्यांना कुणी सांगतही नाही.

"काय आहे त्यात एवढं?" ताईने विचारलं.

"एका गाठीत दोन बिऱ्हाडं! एका बाजूला गोल गोल कडी केलेल्या पेशी, आतड्यातल्या ग्रंथींसारख्या. दुसऱ्या बाजूला बारक्या, काळपट, दाटीवाटीने बसलेल्या, हॉर्मोन सोडणाऱ्या पेशींच्या जातीतल्या. निम्म्या या, निम्म्या त्या. एका छपराखाली राहतायत आणि एकमेकांशी कशाचा मेळ नाही. आमच्याकडे त्यांचं नाव पडलंय, जोडपं."

ताईची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. "कुठली गाठ?"

"आतड्याची. उजव्या बाजूची. बाई आहे, पन्नाशीची असेल."

आपण काय विचारतोय हे तिला कळायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं, "मग त्या बाईचं काय?"

"कुठल्या बाईचं?"

"अरे, जिची गाठ आहे तिचं."

"हां, तिचं." ठोंब्याने बिस्किट चहात बुडवलं. "तिचं अवघड आहे. यकृतात पसरलंय म्हणे. एक वर्ष, फार तर दीड. पण ताई, असा तुकडा हाती लागायला नशीब लागतं बघ."

डॉक्टरीणबाई आजवर "बघू या", "प्रयत्न करू या" एवढंच म्हणत आल्या होत्या. ताईला तिचं उरलेलं आयुष्य किती, ते सांगितलं तिच्या सख्ख्या भावाने, चिमणीचं दप्तर खांद्याला अडकवून, तोंडात बिस्किट असताना. ते दोघं गेल्यावर तिने दुकानाचं दार लोटलं आणि कापडाच्या ढिगात तोंड खुपसून ती रडली. त्याचा राग यायला हवा होता, पण तो काही केल्या येईना. तो खोटं बोलला नव्हता. आणि इतका खुशीत तो कितीतरी दिवसांनी दिसला होता.

त्यानंतर ताई स्वतःहून विचारायला लागली. "काय म्हणतंय तुझं जोडपं?" बहिणीला अखेर आपल्या कामात गोडी वाटायला लागली म्हणून ठोंब्याला मूठभर मांस चढलं. तो तिला सगळं रंगवून सांगायचा. गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर कसा असतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघत सुईने एका जातीच्या पेशी खरवडून एका नळीत आणि दुसऱ्या जातीच्या दुसऱ्या नळीत कशा घालायच्या.

"हात जरा हलला की दोन्ही मिसळल्या. मग केलं-सवरलं सगळं पाण्यात."

"तुझा नाही हलत?"

"माझा कसा हलेल? लहानपणी ढिगाने सुया कोण ओवून घ्यायचं माझ्याकडून?"

ताई हसली. याच्या पायात काटा मोडला की ती सुईने काढायची आणि हा आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचा. आता तो सुईने तिचे कण न् कण टिपत होता आणि तिला काही दुखतसुद्धा नव्हतं. तिला त्याची जराशी मौजच वाटली. परक्या कुणाच्या हातात पडण्यापेक्षा हे बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

एके दिवशी तो दारातूनच ओरडला, "ताई, ते जोडपं नाहीच! भावंडं निघाली ती, सख्खी!"

"म्हणजे काय झालं?"

"दोन्ही नळ्यांतला डीएनए वाचला. पेशीत जे लिहिलेलं असतं ना, त्यातल्या सुरुवातीच्या चुका दोघांत तंतोतंत सारख्या आहेत. इतक्या सारख्या चुका योगायोगाने होत नाहीत. म्हणजे मूळ पेशी एकच. तिच्यापासून दोन फाटे फुटले, मग प्रत्येकाने आपापल्या वेगळ्या चुका केल्या आणि दोघांची तोंडं वेगळी झाली. पण आहेत एकाच आईची."

"मोठं कोण त्यातलं?"

"ते नाही कळत गं."

"भांडतात का?"

"भांडत नाहीत, तीच तर पंचाईत आहे," ठोंब्या म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

इकडे डॉक्टरीणबाईंची केमोची सलाईनं चालू होती. यकृतातले काही डाग आटले आणि काही खुशाल वाढत राहिले. भावंडांपैकी एकाने ऐकलं होतं, दुसरं हट्टाला पेटलं होतं. ताईचे केस विरळ झाले तेव्हा तिने ते मुलासारखे बारीक कापून टाकले. "हे काय म्हातारपणी नखरे?" एवढंच ठोंब्या म्हणाला. एवढाल्या लिखाणात बदललेलं एक अक्षर हा माणूस पकडायचा, पण बहिणीचे बसलेले गाल त्याला दिसत नव्हते. डोळ्यांसमोर रोज असलेल्या माणसाचं असंच होतं. शिवाय निळा ड्रेस अंगाला कसा चोख बसलेला होता.

मग ती संध्याकाळ आली. ठोंब्या स्टुलावर बसलासुद्धा नाही.

"सापडली, ताई. पहिली चूक सापडली."

"कुठे?"

"सगळीकडे! गाठीच्या कडेला चांगल्या आतड्याची जी पट्टी होती तिच्यातही आहे. रक्तातही आहे. म्हणजे ती नंतर झालेली नाहीच, बाई ती घेऊनच जन्माला आलेली आहे." तो येरझाऱ्या घालत बोलत होता. "पेशीची दुसरी पेशी होते तेव्हा आतलं सगळं लिखाण उतरवून घ्यावं लागतं. ते उतरवताना झालेल्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करणारं एक जनुक असतं. त्या बाईचं तेच बिघडलेलं आहे, आणि तेसुद्धा अशा जागी की नेहमीच्या तपासणीत दिसूच नये. आईकडून आलं असणार, नाहीतर वडिलांकडून."

ताईने कापड घट्ट धरून ठेवलं. "मग तिच्या भावाबहिणींना?"

"निम्मी शक्यता. छापा की काटा. ज्याच्यात असेल त्याच्या पोरांनाही परत तेच."

चिमणी फरशीवर रांगत लोहचुंबकाने टाचण्या गोळा करत होती. एकेक टाचणी उडी मारून चिकटली की ती खिदळायची. ताईला तिच्याकडे बघवेना.

"आणि असलं तर? काही करता येतं का?"

"येतं की! वेळेवर कळलं तर काहीच बिघडत नाही. आतड्यात दुर्बीण घालून नेमाने बघत राहायचं, काही उगवलेलं दिसलं की तिथेच काढून टाकायचं. माणूस आरामात म्हातारा होतो. या बाईला वेळेवर कळलं नाही, एवढंच."

इतके दिवस ताई गप्प राहून त्याला जपत होती. आता तीच गप्प राहिली तर त्याच्या जिवावर बेतणार होतं. सांगायलाच हवं, हे तिला त्याच क्षणी कळलं. तरी तिने आधी पळवाट शोधून पाहिली. माणूस शोधतोच.

"ठोंब्या, आई पोटाच्या दुखण्याने गेली. तूही एकदा तपासून घे की."

"घेईन गं, पन्नाशी तर येऊ दे."

"आत्ता घे म्हणते ना."

"तुझं हे असंच! माझी एक केस ऐकलीस की सगळी दुखणी तुला आपल्या घरात दिसायला लागतात." आणि चिमणीला खांद्यावर घेऊन तो चालता झाला.

मग ताईने डॉक्टरीणबाईंना गळ घातली. माझं नाव न घेता तुम्हीच काहीतरी करून त्याला तपासणीला लावा. बाईंनी नकारार्थी मान हलवली. "तुमच्या परवानगीशिवाय मी त्यांच्याशी एक शब्द बोलू शकत नाही. परवानगी द्या, मी सांगते. पण माझं ऐकाल तर तुम्हीच सांगा. लवकर."

लवकर म्हणजे आजच, असं ठरवून ती रोज दुकान उघडायची. समोर कोणी नसलं की कपडे चढवायच्या पुतळ्याला सांगून बघायची. पुतळ्याला सांगणं सोपं होतं. संध्याकाळी ठोंब्या यायचा, चिमणीच्या डोक्यावर टपली मारायचा, बिस्किटांचा डबा शोधायचा, आणि ताई सुईत दोरा ओवायला लागायची. मी मरते आहे, हे एक वेळ तिने सांगितलं असतं. तुझ्यातही ते असेल, हेही काळजावर दगड ठेवून सांगितलं असतं. पण ते सांगितलं की त्याला आणखी एक गोष्ट कळणार होती. वर्ष, फार तर दीड, हे आपण कोणाच्या तोंडावर बोललो ते. आयुष्यभर तो ते स्वतःच्या मनातून काढू शकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं पाऊल तिथे अडत होतं.

असे बरेच दिवस गेले. शेवटी एका संध्याकाळी ठोंब्या आला तो पाय आपटत.

"कसली बाई आहे ही! माणूस म्हणायचं का हिला?"

"कोण रे?"

"तीच, नंबरवाली. भावंडांची बाई. आम्ही इस्पितळाला कळवलं होतं, नात्यातल्यांचं रक्त पाठवा म्हणून. उत्तर काय आलं? रुग्णाने घरात अजून सांगितलेलंच नाही. सख्खा भाऊ आहे तिला! त्याला लहान मूल आहे! आणि ही तोंड शिवून बसलीये."

ताई शांतपणे म्हणाली, "तिला वाटत असेल, त्याला त्रास नको."

"त्रास? अगं, स्वतः तर चाललीच आहे, जाताना भावालाही बरोबर नेणार आहे का? स्वार्थी! उद्या त्या माणसाला कळलं ना, तर तो तिला जन्मात माफ करणार नाही."

ताईने चिमणीला हाक मारली. आतल्या खोलीत बटणांचा डबा होता. त्यातली निळी बटणं वेगळी काढून आणायला तिने तिला पिटाळलं. मग हातातली सुई टाचण्यांच्या उशीत टोचली, चष्मा काढला आणि ठोंब्याकडे बघून ती म्हणाली, "करेल तो माफ. जरा ठोंब्या आहे, पण मनाने चांगला आहे."

"तुला काय माहीत कसा आहे ते?" तो तावातावाने बोलून गेला. मग थांबला.

"इकडे ये. हात दे."

तिने त्याचा हात धरून स्वतःच्या बगलेखाली, ड्रेसच्या शिवणीवर ठेवला. त्याच्या बोटांना कापडाचा जाड कठीण काठ लागला, घडीवर घडी बसलेला. काठापलीकडे लगेच बरगडी होती. बोटं काठावरून कमरेपर्यंत खाली गेली आणि पुन्हा वर आली.

"हे काय आहे?"

"कापड. दाबून घेतलेलं."

"एवढं?" त्याचा आवाज बारीक झाला. "कापून का नाही टाकलंस?"

"वाटलं होतं, परत लागेल."

ठोंब्याने हात काढून घेतला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. गालांकडे, केसांकडे, गळ्याच्या हाडांकडे, इतक्या महिन्यांचं एकदम बघून घेतल्यासारखा.

"खडे..." तो म्हणाला.

"खडे नव्हते."

तो मागे सरकला, दारापर्यंत गेला आणि दुकानाच्या उंबऱ्यात बसला. चौकटीला टेकून, तोंड अर्धं रस्त्याकडे वळलेलं. बाहेर माणसं ये-जा करत होती, कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. जे तोंड पुन्हा बघायला लागू नये म्हणून ताईने एवढा आटापिटा केला होता ते आता तिच्यासमोर होतं, आठ वर्षांचं, दाढी वाढलेलं. त्या वेळी ती आत आईपाशी होती आणि तो एकटा बाहेर बसलेला होता. आता ती उठली, गुडघ्यांवर हात टेकत टेकत आली आणि त्याला खेटून उंबऱ्यात बसली.

"मी वर्ष म्हणालो होतो," तो म्हणाला.

"फार तर दीड, असंही म्हणालास. बाकी सगळे मला गोड बोलून झुलवत होते. तू खरं सांगितलंस. निदान कामं तरी आवरून ठेवता आली."

"आणि आत्ता... स्वार्थी म्हणालो."

"ते बरोबरच होतं. तुझं तोंड बघायला लागू नये म्हणून गप्प बसले होते मी. हा स्वार्थच."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी तिला सुंदर म्हणालो, ताई. माझ्या माणसांना बोलावून बोलावून ती स्लाइड दाखवली. बघा, किती सुंदर आहे म्हणून."

"म्हणालास ना," ताई म्हणाली. "उभ्या जन्मात मला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. म्हटलं ते तू, तेही आतडं बघून."

त्याला हसू फुटलं आणि ते हसूच फुटून त्याचं रडं झालं. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला, रस्त्यावरची माणसं बघत असताना. ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला. तिलाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडायचं नाही ही तिची जुनी सवय होती, आधी त्याचं होऊ द्यायचं. एवढा वेळ अंग चोरून बसलेलं तिचं दुखणं आता ठणकत होतं आणि ते लपवायची गरज उरली नव्हती, याचं तिला बरं वाटलं.

मागून चिमणी आली. तिच्या मुठीत निळी बटणं होती. "आत्या, बाबा का रडतोय?"

"उद्या त्याला रक्त द्यायचंय तपासायला. घाबरलाय."

चिमणीने बापाच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको बाबा. मुंगी चावल्यासारखं होतं फक्त."

ठोंब्याने डोकं वर केलं. त्याने चिमणीकडे बघितलं. छापा की काटा हे त्यानेच इथे, याच दुकानात, या पोरीच्या देखत सांगितलं होतं. त्याने तिला जवळ ओढून इतकं घट्ट धरलं की तिच्या मुठीतली बटणं सुटून रस्त्यावर घरंगळली.

"देशील ना उद्या?" ताईने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"सकाळीच जायचं. उपाशीपोटी द्यायला लागतं का रे?"

"नाही," नाक पुसत ठोंब्या म्हणाला. "जेवून चालतं."

"मग आज दोघं इथेच जेवून जा," म्हणत ताई उंबऱ्याला धरून उठायला लागली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिने न सांगता, ठोंब्याने तिला हात दिला.